पूर्ण सहमत

कापडी नळीतून पडणारं गरम पीठ चिमटीत घ्यायचं, अंगठ्याने बोटावर घासायचं, नाकाशी न्यायचं आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "श्शी!"

बाईंच्या गिरणीत प्रत्येक दळणाची सुरुवात अशी व्हायची. पीठ वाईट असायचं असं नाही. ते पहिल्या मुठीचं पीठ असायचं, म्हणजे आधीच्या माणसाच्या दळणातलं जे थोडंफार दगडांमध्ये अडकून राहतं ते. कुठल्याही गिरणीत हे मूठभर पीठ गुपचूप पुढच्याच्या डब्यात जातं. तुमच्या बाजरीत शेजारणीची ज्वारी, शेजारणीच्या ज्वारीत आणखी कुणाचे गहू. आपण सगळे जन्मभर ते खात आलोय आणि आपल्याला काही झालेलं नाही. बाईंना मात्र ते चालायचं नाही. पहिली मूठ त्या वेगळी काढायच्या, बाहेर कोंबड्यांपुढे फेकायच्या आणि हात झटकत सांगायच्या, "ज्याचं त्याचं त्याच्या डब्यात. मिसळ चालायची न्हाई."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना जगाचा आधी वास येतो, मग जग दिसतं.

मी पहिल्यांदा गिरणीत गेलो आणि खांद्यावरची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली, तर "श्शी! खाली घ्या ती. कुठं कुठं टेकवून आलाय काय म्हाईत." मी दुखावल्याचा चेहरा केला. खरं सांगायचं तर तासाभरापूर्वी नगरात एका मुतारीच्या कठड्यावर मी ती पिशवी टेकवली होती. त्यांना ते कसं कळलं, मला आजवर उमगलेलं नाही.

आता मी तिथे कशाला गेलो होतो ते सांगतो. शिकवण्या घेऊन झाल्या, विमा विकून झाला, मंगल कार्यालयांना केटरर गाठून देऊन झाले. नगरात राहणाऱ्या आणि असं सगळं करून बसलेल्या माणसाच्या वाट्याला शेवटी सर्वेक्षण येतं. गठ्ठा घ्यायचा, गावोगाव फिरायचं, चौकोनात बरोबरची खूण करायची. त्या वेळचा विषय होता, समुद्रात उभ्या करायच्या पवनचक्क्यांबद्दल जनतेचं मत.

हो, समुद्रातच. आणि मत विचारायचं ते आमच्या जिल्ह्यातल्या एका उघड्या माळाच्या पठारावर, जिथल्या विहिरीसुद्धा होळीनंतर दिसायला फक्त खड्डे असतात.

मला वाटलं, गठ्ठ्यांची अदलाबदल झाली. पण आमच्या सरांनी समजावलं. सर म्हणजे सर्वेक्षण करणाऱ्या एजन्सीचे माणूस. उन्हाळ्यातही जाकीट घालायचे आणि दर दोन वाक्यांनी 'पॉझिटिव्ह' म्हणायचे. किनाऱ्यावरचे कोळी लोक म्हणे घाबरलेत. समुद्रात पंखे आले की जाळी कुठे टाकायची, होड्या कुठून न्यायच्या, असं विचारतायत. तर त्यांना दाखवायचं, की ही बघा पठारावरची माणसं. वर्षानुवर्षं पंख्यांखाली राहतात आणि तरी म्हणतात, समुद्रातही होऊ द्या. "दे विल फील पॉझिटिव्ह," सर म्हणाले. मलाही पॉझिटिव्ह वाटलं. मला तेव्हा दुपारच्या जेवणाची सोय झाली तरी पॉझिटिव्ह वाटायचं.

गावातली माणसं भेटण्याची एकच खात्रीची जागा म्हणजे बाईंची गिरणी. म्हणून मी तिथेच ठाण मांडलं. दारातून पठाराची कड दिसायची आणि कडेला एका रांगेत पंखे. पवनचक्की हा शब्द फक्त माझ्या कागदावर. गावात ते पंखेच. पाती फिरताना व्हूप, व्हूप असा आवाज यायचा, जणू कुणी डोक्यावर ओलं गोणपाट झटकतंय.

मी पहिला प्रश्न वाचला. "किनाऱ्यापासून दूर समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांमुळे दृश्यसौंदर्यास बाधा येईल, असे आपणास वाटते काय?"

दळणाला आलेल्या आबांनी विचार केला. "समुद्र कंच्या तालुक्यात येतो?"

"तालुक्यात नाही आबा. घाटाखाली, कोकणाच्या पलीकडं."

"मंग कोकनाला इचारा की. आमाला कशापायी?"

"ठिवा बाई समुद्रात," बाजरी घेऊन आलेली एक म्हणाली. "तिथं कुनाची शेळी चरती? हितं माळ ग्येला समदा रस्त्यात."

"चांगलंच लिवा हो सायेब," पंख्यावर वॉचमन असलेला एक पोरगेला बाप्या मागून म्हणाला. "माझी भाकर हाय त्याच्यावर."

"ज्यांच्या रानात खांब हाय त्यांना ग्वाड लागंलच. आमाला निस्ती व्हूप व्हूप."

"आन् लाईट?" आबा म्हणाले. "डोक्यावर पंखा, खाली गिरनी बंद. ही वीज जाती कुटं ते लिवा आधी."

माझ्या कागदावर पाच चौकोन होते. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. शेळी, भाकर, व्हूप व्हूप आणि वीज जाती कुटं, यांच्यासाठी चौकोन नव्हता. मी आपला अंदाजाने खुणा करत गेलो.

बाई मोटारीचा पट्टा चढवता चढवता सगळं ऐकत होत्या. "आन् तिकडच्या बाया काय म्हनत्यात?"

"त्यांनाच दाखवायचंय ना हे. तुम्ही हो म्हणालात की त्यांना धीर येईल."

"म्हंजी आमच्या तोंडानं त्यांची तोंडं गप करायची."

"तसं नाही हो बाई."

"तसंच हाय. श्शी!" मग माझ्याकडे वळून, "कागदवाले, माझं काय बी लिवू नका. आमच्या घरातून आजवर हो ग्येला न्हाई. जायाचा बी न्हाई."

कागदवाले. भंगारवाले म्हणतात तसं. त्या मला शेवटपर्यंत तसंच म्हणाल्या.

त्यांच्या घरातून हो गेला नाही, याची गोष्ट त्यांनी मला दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सांगितली. पंखे यायचे होते तेव्हा जमिनी घेणाऱ्यांनी गावाला मटणाचं जेवण दिलं. मोठ्या कढया, ताटावर ताटं. जेवण उरकत नाही तोच पंगतीतच कागद फिरायला लागले. लोक उष्ट्या, तेलकट हातांनी अंगठे उठवत होते, सह्या करत होते. कागदांवर रश्शाचे डाग पडत होते.

"आमच्या ह्यांच्यापुढं कागद आला," बाई सांगत होत्या. "ह्ये म्हनले, हात धुऊन येतो. आन् उठले. ते थेट घरी. ती मानसं पाच येळा दारात आली. ह्ये दर येळी म्हनायचे, बघू. त्यांचा काय इरोध न्हवता हो. कुनाशी भांडले न्हाईत, मोर्च्याला ग्येले न्हाईत. पर असला बरबटलेला कागद! मरस्तवर हो म्हनले न्हाईत."

दारातून त्यांनी बोट दाखवलं. पंख्यांच्या रांगेत एका जागी फट होती, पडलेल्या दातासारखी. तो त्यांचा खडकाळ तुकडा. पावसाळ्यात मूठभर हुलगे निघतात तिथे, बाकी वर्षभर काही नाही. भावकीने नावं ठेवली, सगळ्यांच्या घरी भाडं आलं, त्यांच्याकडे ती फट राहिली. बाई ती फट अशी दाखवायच्या, जशी दुसऱ्या बायका पोराचं सर्टिफिकेट दाखवतात.

"त्यांनी मागं काय ठिवलं, तर त्येवढंच," त्या म्हणाल्या. "त्येवढं जपायचं."

त्यांच्या मालकांचं नाव मी इथे लिहीत नाही. बाईंचंही नाही. एकदा लिहून पाहिलंय. त्याचंच पुढे सांगायचंय.

आता गिरणीची एक रीत सांगतो. खेड्यातली माणसं दळणाला रांगेत उभी राहत नाहीत, डबे उभे राहतात. सकाळी येऊन डबा लावायचा आणि कामाला निघून जायचं. डब्याचा नंबर तो माणसाचा नंबर. डबा पुढे सरकवायचं काम कुणीही करतं, पण नंबर मोडायचा नाही. डब्यांवर नावं घातलेली असतात, मशीनने टिकटिक करून घातलेली. वीज गेली की बाई भाकरी खायला घरी जायच्या, आणि मला, परक्या माणसाला, सांगायच्या, "डब्यांकडं ध्यान असू द्या. कुनी मागंपुढं करंल."

एवढा विश्वास माझ्या सख्ख्या भावानेही माझ्यावर कधी टाकलेला नव्हता.

त्या दिवशी घोडेगावचा बाजार होता. अर्धं गाव शेळ्या-गाई घेऊन तिकडे गेलेलं, उरलेलं अर्धं रानात. वीज गेलेली. सरांचा सकाळपासून तिसऱ्यांदा फोन, आज गठ्ठा पुरा पाहिजे. आणि माझ्यासमोर भिंतीला लागून एकवीस डबे शिस्तीत उभे.

तुम्ही मला ओळखत असाल तर एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

मी डबे वाचत गेलो आणि फॉर्म भरत गेलो. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं, की मी शीळ घालत होतो. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून कुणाला 'सहमत' दिलं, कुणाला 'पूर्ण सहमत'. एका चेपलेल्या डब्याला 'तटस्थ' दिलं, कारण तो तसाच दिसत होता. वयं अंदाजाने घातली. चकचकीत डबा असेल तर तरुण, मळका असेल तर ज्येष्ठ. एका डब्यावरची अक्षरं फार देखणी होती, वळणदार. तो बाईंचाच, घरच्या दळणाचा डबा होता, हे मला ठाऊक नव्हतं. मी पीठ पुसून नाव वाचलं, 'पूर्ण सहमत' केलं, आणि 'अभिप्राय' या रकान्यात स्वतःच्या मनाने लिहिलं, "समुद्रावरचा वारा फुकट जातो, तो देशाच्या कामी यावा. कोळी बांधवांनी भिऊ नये, आमचा अनुभव चांगला आहे." वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते दोनदा वाचलं.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं कुणाची घालतात, हे विसरायला माणूस परग्रहावरचा लागतो. मी नगरचा असून विसरलो. माझ्या स्वतःच्या घरात वर्षश्राद्धाला वाटलेल्या, मेलेल्या माणसांच्या नावाच्या वाट्यांतून आम्ही वरण खातो. त्या एकवीस डब्यांतले चार डबे तसले होते. नावाआधीचं 'कै.' कुठे कडीखाली दडलं होतं, कुठे पिठाखाली, आणि नावामागचं 'यांच्या स्मरणार्थ' डब्याच्या गोलाईवर भिंतीच्या बाजूला गेलं होतं. मी डबा वळवून पाहिला नाही. कशाला वळवू? मला नाव हवं होतं, ते मिळालं होतं.

बाई परत आल्या. "लावले तसेच हायेत न्हवं?"

"एकही हलला नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

दोनेक महिन्यांनी सरांनी गावात सभा ठेवली, समाजमंदिरात. किनाऱ्यावरून दहा-बारा माणसं एका गाडीतून आणली होती. त्यांना आधी शिर्डीला दर्शन घडवलं, प्रसादाचे पुडे दिले, मग पठारावर आणून पंखे दाखवले. त्यात एक कोळीणबाई होत्या, वयाने आमच्या बाईंएवढ्याच. पंख्याकडे मान वर करून किती तरी वेळ बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "ह्याच्या बुडाला किती लांबपर्यंत कुणाला जाऊ देत नाहीत?" सरांनी त्यांना पाण्याची बाटली दिली.

सभेत माझं काम प्रोजेक्टरचं. पडद्यावर निळा समुद्र, त्यात पांढरे पंखे, वर बगळे. सर अहवालातली निवडक मतं नावानिशी वाचू लागले. गावाला सन्मान वाटावा, म्हणून नावानिशी.

पहिलं नाव वाचलं आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुसरं वाचलं, तेव्हा आबा मोठ्याने म्हणाले, "आरं, त्यो जित्ता असताना बायकूला बी कवा हो म्हनला न्हाई!" समाजमंदिर हसायला लागलं. सरांना वाटलं, वातावरण पॉझिटिव्ह झालं. तेही हसले. आणि तिसरं नाव त्यांनी जरा जोरात, दाद मिळवायच्या सुरात वाचलं. "या गावचे ज्येष्ठ शेतकरी. पूर्ण सहमत! आणि ऐका, काय सुंदर लिहिलंय."

त्यांनी माझं वाक्य शेवटपर्यंत वाचलं. कोळी बांधवांनी भिऊ नये.

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या, माणसांतून वाट काढत पुढे आल्या. सरांकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या कोळीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी लांबून आलाय. ह्यांनी आत्ता ज्यांचं नाव घेतलं ते माझे मालक. वारले ते. पंखे उभं राहायच्या टायमाला बी हो म्हनले न्हाईत ते. मेल्यावर कशाला म्हनतील? ह्यो कागद खोटा हाय."

"मावशी, मावशी," सर म्हणाले, "काहीतरी टेक्निकल चूक असेल."

"चूक न्हाई. कुनीतरी लिवलंय. कुनी लिवलं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी सरांच्या नजरेमागे पाहिलं. मी प्रोजेक्टरच्या वायरीशी उकिडवा बसलो होतो. त्या क्षणी मी काय करावं? तुम्ही असता तर उभे राहिला असता, अशी माझी समजूत आहे. मी प्लग ओढला.

पडदा काळा झाला. "ग्येली लाईट," कुणीतरी म्हणालं आणि सगळे उठले. त्या गावात वीज गेली यावर कुणालाही शंका येत नाही. बाहेर पोह्यांच्या प्लेटा फिरायला लागल्या. मीही एक घेतली. वर शेव मागून घेतली. आज ते आठवलं की घशाशी येतं, पण तेव्हा गेले हो ते पोहे, सहज गेले.

आठवड्याने सरांनी मला परत पाठवलं, एका कागदावर बाईंची सही आणायला. नजरचुकीने नाव आले, माझी काही हरकत नाही, असा मजकूर. गिरणीत दोघीतिघी होत्या. मी कागद पुढे केला.

बाईंनी तो हातात घेतला नाही. "डबं तुमच्या जिवावर सोडून ग्येले हुते मी."

"हो."

"तुमीच लिवलं?"

"मीच."

मला वाटलं, आता त्या श्शी म्हणतील. नाही म्हणाल्या. दळण अर्ध्यात थांबवलं, मोटार बंद केली, मागच्या मोरीकडे गेल्या आणि खळखळून चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा. मी तिथे उभा राहून त्यांच्या तोंडातून माझं नाव धुतलं जाताना ऐकत होतो. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते, आवाज मात्र रोजचाच.

"त्या कोळीनबाईचा फोन आल्ता. त्यांच्या गावात सभा हाय. त्योच कागद वाचनार हायेत थितं. आमच्या ह्यांच्या नावासकट. आता तुमी माझ्यासंगं यायचं."

"मी लिहून देतो ना बाई. सहीनिशी देतो."

"कागद नको! तुमच्या हातचा कागद म्हनलं की मळमळतं मला. तोंडानं सांगायचं, समद्यांम्होरं. मी लिवलं, मेलेल्या मानसाच्या नावानं लिवलं. त्यांनी हो म्हनलेला न्हाई. येवढंच. माझं कोन ऐकनार थितं? म्हातारी कायतरी बोलती म्हनतील. ज्यानं लिवलं त्यानंच सांगाय पायजे."

"येतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"नगरच्या स्टँडवर या. सकाळची गाडी. मी जागा धरून ठिवते."

दळणाला आलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला त्या वेळी खरोखर वाटलं, की मी जाणार. हे मी स्वतःला चांगलं म्हणवून घेण्यासाठी सांगत नाही. मला नेहमीच खरोखर वाटतं.

आदल्या संध्याकाळी सरांचा फोन आला. कोपरगावकडे उसाच्या पट्ट्यात नवीन सर्वेक्षण निघत होतं आणि या वेळी मी सुपरवायझर. "जुनं डोक्यातून काढून टाका, पॉझिटिव्ह राहा." मी म्हणालो, विचार करतो. आणि विचारच करत राहिलो.

सकाळी मी स्टँडवर वेळेआधी पोचलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी फलाटाला लागलेली. पेपरच्या स्टॉलपाशी थांबलो आणि टांगलेल्या पेपरातलं राशिभविष्य वाचलं. माझ्या राशीला प्रवासाचा योग होता. पेपराच्या कडेवरून बाई दिसत होत्या, खिडकीशी, स्टँडच्या घाणीला पदर नाकाशी धरलेला. शेजारच्या सीटवर त्यांनी कापडी पिशवी ठेवली होती. एक जाडगेला माणूस येऊन पिशवी उचलायला लागला, तसं त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण त्या दरवाजाकडे बोट दाखवत होत्या. कंडक्टर आला, त्यालाही त्यांनी दरवाजा दाखवला. त्याने घड्याळ पाहिलं.

घंटी वाजली. आता निघावं म्हणून मी पाऊल उचललं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. बराच वेळ वाकून होतो. सरळ झालो तेव्हा फलाट रिकामा होता. माझ्या पायात चपला होत्या.

पुढच्या गाडीने जाऊ, असं मी स्वतःला बजावलं. एक उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो.

बाईंना मी त्यानंतर पाहिलं नाही. त्या परत आल्या, गिरणी चालवत राहिल्या, पुढच्या थंडीत गेल्या, हे सगळं मला इतरांकडून कळलं. दहाव्याला जावं असं मनात आलं होतं. मनात येण्यात मी कधीच कमी पडलो नाही.

किनाऱ्यावरच्या त्या सभेत काय झालं, ते कोळीणबाईंनी मला फोनवर सांगितलं. माझा नंबर बाईंनीच त्यांना देऊन ठेवला होता, मी वाट चुकलो तर लागेल म्हणून. त्यांनी मला शिव्या द्याव्यात अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी दिल्या नाहीत.

तिथे सरांनी तेच नाव वाचलं, तेच वाक्य वाचलं. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे खोटं आहे. सरांनी फार नम्रपणे विचारलं, मावशी, मग हे कुणी लिहिलं? त्या म्हणाल्या, ज्यानं लिहिलं तो येतोय, तोच सांगेल. सर म्हणाले, थांबू या की आपण. त्यांनी घड्याळ लावून दहा मिनिटं थांबून दाखवलं. सगळं गाव दाराकडे बघत होतं. मग सर म्हणाले, तुमच्या भावनेची नोंद घेतली, आणि पुढची स्लाइड आली. अहवाल तसाच पुढे गेला. त्यांचे मालक आजही त्यात पूर्ण सहमत आहेत.

"सभा उठली, खुर्च्या उचलल्या, तरी त्या बसूनच," कोळीणबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, चला घरी, दोन घास खाऊन घ्या. तर म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं. पुढच्या गाडीला येत असतील ते. तेवढी गाडी बघते."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग?"

"मग काय. त्या ज्या गाडीनं आल्या ना, तीच आमच्याकडची दिवसातली शेवटची गाडी. त्यांना ते ठाऊक नव्हतं. आणि मला काही सांगवलं नाही. मीपण बसले त्यांच्याजवळ."